कोळशाची राख की अणुकचरा: जास्त किरणोत्सारी काय?

सह्यकडा
'कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी' हे वाक्य सगळीकडे फिरतंय. चंद्रपूरचा 500 मेगावॅटचा एक संच आणि तारापूरचा 540 मेगावॅटचा एक संच समोरासमोर ठेवले, तर रोज नेमकं काय आणि किती बाहेर पडतं? कार्बनचा हिशोब माहीत आहे, तो सोडून सांगा.

बंकर
वाक्य अर्धंच खरं. 1978 साली अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी तुलना केली ती धुराड्यातून निसटणाऱ्या राखेची (1 टक्का निसटते असं धरून) आणि नीट चालणाऱ्या अणुभट्टीतून हवेत सुटणाऱ्या वायूंची. वापरलेलं इंधन त्यात नव्हतंच. भट्टीतून नुकताच काढलेला इंधनाचा बंडल (युरेनियम भरलेल्या नळ्यांचा जुडगा) उघडा ठेवला तर जवळ उभं राहणारा वाचणार नाही. राखेच्या विटांची तर घरं बांधतात.

आता आकडे. 500 मेगावॅट पूर्ण भारावर म्हणजे दिवसाला 1.2 कोटी युनिट. युनिटमागे साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला तर 8,000 टन, आणि त्यातून सुमारे 3,000 टन राख. यातली जवळजवळ 80 टक्के फ्लाय ॲश, म्हणजे धुराबरोबर उडणारी बारीक राख. ईएसपीने (विजेच्या भाराने धुरातली राख पकडणारं यंत्र) 99.9 टक्के धरली तरी रोज दोन-अडीच टन हवेत जाणारच. आपल्या कोळशात गंधक कमी, ही तशी चांगली गोष्ट, पण त्यामुळेच राखेचा विद्युतरोध वाढतो आणि ईएसपीला ती नीट धरता येत नाही. पकडलेली राख जिथे साठते तो हॉपर तुंबून ईएसपीचा एखादा भाग बंद पडला की धूर लगेच काळवंडतो.

जडपाणी
तारापूरच्या त्या संचाची औष्णिक शक्ती, म्हणजे भट्टीत तयार होणारी उष्णता, साधारण 1,750 मेगावॅट. टनभर युरेनियममधून 7,000 मेगावॅट-दिवस उष्णता (1 मेगावॅट दिवसभर, असे 7,000) मिळते असं धरलं तर दिवसाला 250 किलो युरेनियम, म्हणजे अर्ध्या मीटर लांबीचे डझनभर बंडल. भट्टी न थांबवता बदलतात आणि थेट पाण्याच्या टाकीत उतरवतात.

फुकट मात्र काहीच नाही. भट्टीतल्या जड पाण्यात (जड हायड्रोजनचं पाणी) ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो (अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, 12.3 वर्षं) आणि सील, व्हॉल्व्ह यांतून थोडा निसटतो. शिवाय 1,200 मेगावॅटच्या आसपास उष्णता समुद्रात जाते. कोळशाच्या संचाची कार्यक्षमता जास्त, आणि त्याची काही उष्णता धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या पाण्याला अणुसंच जड जातो, हे मान्य करायलाच हवं.

मुरूम
खाण विसरलात दोघेही. जादुगोडाच्या खाणीतल्या धातुकात युरेनियम 0.05 टक्क्यांच्या आसपास. ते 250 किलो मिळवायला किमान 500 टन खडक दळावा लागतो. युरेनियम काढून घेतलं तरी रेडियम दळलेल्या खडकाच्या गाळातच राहतं, अर्धायुष्य 1,600 वर्षं. कोळशाच्या केंद्राची राख पाण्यात साठवतात तो राखबंधारा; अणुविजेचा राखबंधारा म्हणजे हा गाळच, फक्त तो झारखंडात आहे, तारापूरला दिसत नाही.

बंकर
मुद्दा बरोबर. मग इकडे कोळशाच्या उघड्या खाणीतली वरची मातीही धरा: टनाला दोन घनमीटर म्हटलं तरी रोज 16,000. राखेतल्या पारा-आर्सेनिकला तर अर्धायुष्यच नाही. राखबंधाऱ्यात एप्रिल-मेमध्ये पाण्याचा थर आटला की वरची राख वाऱ्यावर उडते. थर कायम ठेवणं किंवा भरलेल्या भागावर माती टाकून गवत लावणं, एवढंच काम असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.