मदत हवी आहे: घरट्यातून पडलेलं पिल्लू

झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू सापडलंय. डोळे मिटलेले, पंखांवर पिसांऐवजी नुसत्या निळसर काड्या. म्हणजे उडायला शिकताना खाली उतरलेलं हे नाही, पडलेलंच आहे. घरटं फार उंच आहे, हात पोचत नाही. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लाला टाकतात हा गैरसमज आहे, त्यामुळे परत ठेवायला माझी हरकत नाही. तळाला भोकं असलेली टोपली त्याच झाडाला, जमेल तितकी वर बांधली तर ते तिथे येऊन भरवतील का? कुणी केलंय असं?

सध्या खोक्यात मऊ कापडावर उबेत ठेवलंय. चोच उघडून सारखं मागतंय, बघवत नाही. पण पाणी श्वासनलिकेत जाईल म्हणून थेंबही घातलेला नाही. आईबापांची वाट किती वेळ बघावी? कृपया लवकर सांगा, अंधार पडायला आलाय.