गुणोत्तर ठीक, पण रक्त कधी काढलं?

ग्लायोब्लास्टोमात (मेंदूचा आक्रमक कर्करोग) रक्तातलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, म्हणजे या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या संख्यांचा भागाकार, ४ च्या वर असेल तर आयुर्मान कमी, असा दावा केला जातो. संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, मान्य. पण मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड बहुधा शस्त्रक्रियेआधीच सुरू झालेलं असतं. त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात सुटतात आणि लिम्फोसाइट घटतात. समजा आधी ४८०० भागिले १६००, म्हणजे ३; डोसनंतर ९००० भागिले १०००, थेट ९. गाठ तीच! त्यात जास्त सूज असलेल्यालाच स्टेरॉइड जास्त मिळतं, म्हणजे गुंता आणखी वाढला.

तेव्हा पहिल्या डोसआधीचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) धरा. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमोथेरपीचं औषध) चालू असताना लिम्फोसाइट घसरतातच, तेव्हाचं गुणोत्तर तर सोडाच. गाठीच्या आयडीएच जनुकातला बदल आणि एमजीएमटी जनुकाचं मिथिलेशन (जनुक बंद करणारी रासायनिक खूण) यांचे रिपोर्ट हाती असतील तर वजन त्यांना द्यावं.