मदत हवी आहे: इंग्रजीतला कॉमा पोरांना कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. अमळनेरजवळच्या गावात सहावीच्या मुलांची शिकवणी घेते. वाक्याची सुरुवात, गावांची नावं, वार-महिने आणि 'आय' कॅपिटल, एवढं बसलंय. (ऋतूंची नावं स्मॉल का, यावर अजून भांडतात!) घोडं अडलंय कॉमावर. 'आय लिव्ह इन अमळनेर, आय लाइक भरीत' असं सर्रास लिहितात. मराठीत 'पाऊस आला, आम्ही पळालो' चालतं, मग इथे का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. फुलस्टॉप द्या नाहीतर कॉमानंतर 'अँड' घाला, हे सांगून थकले. मोठ्याने वाचायला लावलं, तर श्वास घेतील तिथे कॉमा! व्याकरणाच्या संज्ञा न वापरता हे पक्कं करून घ्यायला कोणी एखादा खेळ किंवा सराव वापरलाय का? झेडपी शाळेतल्या सर-मॅडमनी जरूर सांगा.