गेमचं मूळ नाव शोधायचं, की आपला 'मुस्तफा'च बरा?

लालबागकर
चिंचपोकळी स्टेशनाजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये १९९५-९६च्या सुमारास एक गेम होता. पाठीला मशीन लावलेला पोरगा भुतं आत खेचायचा आणि त्यांचा गोळा करून बाहेर फेकायचा. आम्ही त्याला 'पंप' म्हणायचो. मशीनमधला सर्किट बोर्ड डुप्लिकेट, म्हणजे नकली असावा, कारण स्क्रीनवर नाव कधी आलंच नाही.

इतकी वर्षं मी तो स्नो ब्रदर्सच समजत होतो. परवा रात्री दोनपर्यंत शोधत बसलो तेव्हा लक्षात आलं, डोक्यात दोन गेमची खिचडी झाली होती. बर्फाचे गोळे ढकलणारा स्नो ब्रदर्स, तोआप्लान कंपनीचा, १९९०. भुतं खेचणारा टंबलपॉप, डेटा ईस्टचा, १९९१. आठवणीत गेमच्या मागच्या चित्रात इजिप्त होतं, त्यावरून कोडं सुटलं.

मूळ नाव शोधलंच पाहिजे. बनवणाऱ्यांचं नाव डुप्लिकेटवाल्यांनी पुसलं, ते आपणही पुसलेलंच ठेवायचं का?

भांडुपकर
दादा, मला हे पटत नाही. कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम, १९९३. हे नाव घेऊन भांडुपच्या कुठल्याही चाळीत विचारा, कोणी ओळखणार नाही. 'मुस्तफा' म्हणा, चाळिशीतला माणूस हातातली पिशवी खाली ठेवून बोलायला लागेल. मुस्तफा हा गेममधल्या चौघांतला एक खेळाडू, पण पोरांनी गेमलाच त्याचं नाव दिलं. ते चुकीचं कसं?

आणि जपानी नावं हरवलेली नाहीत. मेमवाले, म्हणजे जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम बनवणारे, १९९७पासून हजारो बोर्डांमधले प्रोग्रॅम उतरवून ठेवतायत. हरवलंय ते आपल्याकडचं. कुठल्या गल्लीत कुठला गेम होता, एका कॉइनला किती चान्स, मालकाने आतला स्विच फिरवून गेम अवघड कधी केला, हे कोण लिहिणार?

सायनची
मुलींनी पार्लरमध्ये जायचं नाही, असं घरी बजावलेलं. मी दारात उभी राहून भावाचा खेळ बघायचे. फुगा फोडला की त्याचे दोन व्हायचे, मागे बर्फाचा डोंगर. नाव कळलं नसतं तर तो गेम मला कधीच खेळता आला नसता. भांडुपकर, तुम्ही आत होतात, म्हणून तुम्हाला टोपणनाव पुरतं.

तो पँग, मिचेलचा, १९८९. डोंगर फुजीचा.

भांडुपकर
ताई, दारातलं पटलं. पण तोच गेम जपानात पॉम्पिंग वर्ल्ड, अमेरिकेत बस्टर ब्रदर्स. कल्पना तर हडसनच्या १९८३च्या कॅनन बॉलमधली. मग यातलं मूळ कुठलं धरायचं?

लालबागकर
सगळं लिहू, कॅनन बॉलपर्यंत. पण टंबलपॉप आधी, मग कंसात 'पंप'.

आणि तुम्ही म्हणताय तर पार्लरचंही लिहितो. प्लायवूडची पेटी, कोपऱ्यावरचा सनमायका उखडलेला, दुसऱ्या खेळाडूचं फेकायचं बटण आत बसलेलं. ते नखाने वर काढत खेळावं लागायचं. त्या जागेवर खेळायची पाळी नेहमी धाकट्या भावाची.