मदत हवी आहे: कॉलेजच्या संगीत अंकात संगीतप्रकार कसे लावायचे? आणि मुखपृष्ठावर काय घ्यायचं?

चुकलेला_ताल

नमस्कार मंडळी.

मी अंबाजोगाईला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचा वार्षिकांक कसा असतो ते इथं सगळ्यांना माहीत आहे. आधी मनोगतं, मग सत्काराचे फोटो, उरलेल्या जागेत कविता. यंदा आम्ही सहाजणांनी हट्ट धरून निव्वळ संगीतावर एक छोटा अंक मागून घेतला. ३० पानं, आतून काळा-पांढरा, मुखपृष्ठ रंगीत, ३०० प्रती. नाव ठरलंय 'ठेका'. (गुत्तेदारीशी संबंध नाही. घरी पप्पांनाही हे समजावून सांगावं लागलं.)

दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

एक म्हणजे सर्वेक्षण. 'तुम्हाला कोणता संगीतप्रकार आवडतो?' असा फॉर्म वाटला. पर्याय नेटवरून घेतले होते: पॉप, रॉक, हिपहॉप, इडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक), जॅझ, शास्त्रीय, लोकसंगीत. फॉर्म परत आले ते बघून डोक्याला हात लावला. लोकसंगीतावर जवळपास कुणीच खूण केली नाही. जॅझवर दोन खुणा निघाल्या, त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, नाव भारी वाटलं. बाकीच्यांनी चौकटी सोडून कडेला पेनानं लिहिलंय: 'डीजे', 'आराधी', 'भीमगीतं', 'कव्वाली, पण रात्रीची', 'मूड असंल तसं'. एकानं तर 'ट्रॅक्टरवरची' असं लिहून दिलंय. आता हे कोणत्या रकान्यात टाकू?

दुसरं मुखपृष्ठ. आमच्यातल्या एकानं गिटार, हेडफोन आणि मागं जांभळा रंग असं करून आणलं. छान दिसतं, पण आमच्या सहाजणांत गिटार कुणाकडंच नाही. मग एका मैत्रिणीनं हलगी सुचवली. मार्गदर्शन करणाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "हलगी मुखपृष्ठावर बरी दिसंल का? वीणा घ्या, तबला घ्या." कुणीच काही बोललं नाही. मीही नाही बोलले. तेव्हापासून ते मनात सलतंय.

महिनाअखेरीला फाईल प्रेसला द्यायची आहे. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

जुना_कॅसेटवाला

पोरी, तुझा फॉर्म चुकलाय, पोरं बरोबर आहेत.

परभणीत स्टँडजवळ माझा कॅसेटचा गाळा होता. फळ्यांवर मी स्वतः खडूनं लिहायचो: देवीची, भीमगीतं, कव्वाली, कीर्तन-भजन, लग्नाची, सिनेमा. रॉक-पॉप कुणी मागितलं नाही असं नाही, पण ते 'इंग्रजी' या एकाच फळीवर मावायचं. गिऱ्हाईक यायचं ते प्रसंग घेऊन यायचं. "नवरात्र आलंय, काय हाय नवीन?" चाल कोणती, ताल कोणता, हे विचारणारा वर्षात एखादा.

आणि हे फक्त आपल्याकडंच असतं असं समजू नको. अमेरिकेत काळ्या लोकांच्या रेकॉर्डी 'रेस रेकॉर्ड्स' नावाखाली वेगळ्या काढून विकायचे. १९४९ साली बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकानं आपल्या यादीचं ते नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. गाणारे तेच, गाणी तीच, फळीवरची पाटी बदलली. तू नेटवरून उचललेली यादीसुद्धा कुणाच्या तरी दुकानातली फळीच आहे.

'काय आवडतं' हे विचारूच नको. 'शेवटचं गाणं कधी, कुठं, कुणासोबत ऐकलं' असं विचार. मग बघ कागद कसा भरतो.

षड्ज_पंचम

काकांशी अर्धाच सहमत. मी शास्त्रीय शिकतो, म्हणून खुपलं असेल, पण सगळं प्रसंगावर टाकलं तर संगीत कुठं राहिलं? गोंधळही देवीचा आणि आराध्यांची गाणीही देवीचीच. 'देवीची' या फळीवर दोन्ही एकत्र टाकली की फरक गेला. गोंधळात संबळ, तुणतुणं, झांज, हातात दिवटी. आधी देवांना आवाहन, मग आख्यान. मुख्य गोंधळी सांगतो आणि साथीदार मधेमधे प्रश्न विचारून त्याला पुढं ढकलतो. ते जवळपास नाटकच असतं. आराध्यांचं गाणं मेळ्यानं म्हणायचं, कवड्यांची माळ, परडी, पोत. ऐकायला बसलं की दोन मिनिटांत वेगळेपण कळतं.

भीमगीतांचं याच्या उलट. तिथं विषय एक आणि चाली पन्नास. कव्वालीच्या अंगानं गायलेलं भीमगीत आहे, पाळण्याच्या चालीवरचं आहे, लोकगीताच्या ढंगाचं आहे. लोककवी वामनदादा कर्डकांचं एकट्याचं काम चाळून बघ.

म्हणून तक्ता दोन बाजूंनी कर. उभा प्रसंग, आडवं वाद्य नि चाल. एखादं गाणं दोन घरांत बसलं तर बसू दे.

जुना_कॅसेटवाला

हे बेस सांगितलं. माझ्या गाळ्यात एकच फळी आडवी होती, नाहीतर मीही तसंच केलं असतं.

नाथषष्ठी

पैठणहून. तक्त्याची चर्चा वाचून हसू आलं, कारण हे काम आमच्या गावात ४०० वर्षांपूर्वी होऊन गेलंय. एकनाथ महाराजांची भारुडं काढ. वासुदेव, जोशी, गोंधळी, असे गावात फिरणारे एकेक कलावंत घेतले आणि त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच ढंगात लिहिलं. भारुडांची अनुक्रमणिका वाचली तरी त्या काळच्या दारावर कोणकोण गात येत होतं याची यादी मिळते. नाथांचं छापायला परवानगी लागत नाही, हाही फायदा. सिनेमाची आख्खी गाणी मात्र छापू नको. गीतकार गेल्यावरही ६० वर्षं हक्क राहतो.

आणि कव्वालीवाल्या पोराला शोध. 'पण रात्रीची' असं लिहिणारा खुलताबादच्या उरुसाला जाऊन आलेला असणार. सिराज औरंगाबादी आपल्याच मातीतला, १८व्या शतकातला शायर, त्याची गझल आजही कव्वाल गातात. दोन पानं त्या पोराकडूनच लिहून घे.

धरणाखालचं_गाव

माजलगावकडून. तुमच्या यादीत बाया कुठंयत?

फॉर्म कॉलेजात वाटला म्हणून विचारते. आईला, आजीला विचारा. 'गाणं येतं का' विचारलं तर नाही म्हणतील. 'जात्यावर काय म्हणायचा' विचारा, मग थांबणार नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉटवँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर. त्यात १९९६ साली आमच्या माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्याही आहेत, बाबासाहेबांवरच्या. पारी या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. म्हणजे ओवी आणि भीमगीत एकाच बाईच्या तोंडी. षड्जदादा, हे तुमच्या तक्त्यात दोन घरांत बसवा.

चुकलेला_ताल

थांबा थांबा, मी वहीत उतरवून घेतेय.

काल आजीला विचारलं. आधी म्हणाली, "मला कशाचं गाणं येतंय बाई." मग मी जात्याचं नाव काढलं. रात्री साडेदहापर्यंत चाललं. फोनची बॅटरी संपली, आजी नाही संपली.

'ट्रॅक्टरवरची'वालाही सापडला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, दसरा झाला की निघतात. उसाच्या ट्रॅक्टरला मोठाले स्पीकर असतात, रात्री कारखान्यावर नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर गाणी लावतात. लहानपणी तो आईसोबत तिथं असायचा. म्हणाला, कोणतं गाणं ते नाही सांगता येत, पण बंद झालं की जाग यायची. हे मी त्याच्याच शब्दांत छापणार आहे.

आता मुखपृष्ठाचं सांगा ना कुणीतरी.

कर्व्ह_करून_पाठवा

लातूरहून, प्रेसलाईन. मुखपृष्ठावर काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी कसं द्यायचं ते सांगतो. दर मार्चला पोरं येतात आणि दर मार्चला माझं डोकं उठतं.

पहिलं, ३० पानं होत नसतात. सेंटर पिन मारायची म्हणजे पानं चारच्या पटीत. २८ करा नाहीतर ३२. मुखपृष्ठाची चार वेगळी.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवायचा नाही, दाबून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-४ पानभर फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापायचा तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. नेटवरची गिटार एवढी नसती, छापल्यावर तिच्या तारा मोजता येत नाहीत.

चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारी जास्तीची जागा. रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत. तो जांभळा मोबाईलवर चमकतो, कागदावर वांग्यासारखा येतो, मग माझ्याशी भांडायचं नाही. बारीक मजकूर निव्वळ काळ्यात ठेवा, चार रंगांचा काळा केला आणि प्लेट केसभर सरकली की अक्षराला सावली पडते.

फॉन्ट युनिकोड घ्या. मुक्त परवान्याचा मुक्ता आहे, बलू आहे. जुन्या फॉन्टात टाईप केलं तर दुसऱ्या मशीनवर जोडाक्षरांची खिचडी होते. काही असो, शेवटी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवा. नाव उगंच नाही ठेवलं.

आणि 'ठेका'ला वर मात्रा आहे. इंग्रजी मासिकं बघून नाव वरच्या काठाला चिकटवाल तर कटिंगला मात्रा उडंल आणि 'ठका' असलं काहीतरी दिसंल. काठापासून सेंटीमीटरभर तरी खाली घ्या.

षड्ज_पंचम

मात्रा उडाली तर 'असलं काहीतरी' नाही, नेमकं 'ठका'च होतं ना दादा.

कर्व्ह_करून_पाठवा

बरोबर, 'ठका'च. प्रुफं तुम्हीच वाचा बाबा.

नाथषष्ठी

रंगीत हवंच असा हट्ट का? ब्लू नोट या जॅझ कंपनीची कव्हरं बघ. रीड माइल्स डिझाईन करायचा, फ्रान्सिस वूल्फचे काळे-पांढरे फोटो, बहुतेक वेळा एखादाच रंग वरून. बाकी सगळं काम अक्षरांनी केलेलं. पैसे कमी होते म्हणून तसं, पण आज सगळं जग त्याची नक्कल करतं. दोन रंग म्हणजे दोनच प्लेटा. जॅझवर खूण करणाऱ्या त्या दोघांचंही समाधान होईल.

अंबाजोगाईत राहून लेआऊटसाठी नेट बघता याचंही नवल वाटतं. संतकवी दासोपंतांची पासोडी तुमच्याच गावात आहे, सुमारे ४० फूट कापडावर माणसानं लिहून ठेवलंय. एकदा समोर उभं राहून बघा, ओळी कशा बसवल्यात ते.

पंधरा_खेड्यांचा

हलगीच्या मुद्द्याला सगळ्यांनी बगल दिली, म्हणून लिहितो. आमच्या घरात हलगी होती.

'बरी दिसंल का' याचा अर्थ आम्हाला कळतो. वीणा कुणाच्या गळ्यात आणि हलगी कुणाच्या, हे त्या वाक्यात आलं. गावकीची कामं म्हणून हे वाजवणं ठरावीक जातींच्या माथी मारलं होतं. दवंडी द्यायची, मिरवणुकीपुढं वाजवायचं आणि जेवायला मात्र लांब बसायचं. बाबासाहेबांच्या हाकेनंतर अनेकांनी गावकीसोबत वाजवणंही सोडून दिलं, ठरवून. ज्यांनी ठेवलं त्यांच्यातल्या काहींना ते पोटासाठी करावं लागतं, आणि काहींच्या हाताला अशी कला आहे की तबलावाल्यानं तोंडात बोट घालावं.

म्हणून हलगी घ्याच, असंही मी म्हणणार नाही आणि नको असंही नाही. नुसती हलगी भिंतीला टेकवून फोटो काढू नका, एवढंच. वाजवणारा घ्या. त्याला आधी विचारा, कसा दिसायचंय. आत त्याचं नाव छापा, जो काही मान द्यायचा तो पाकिटात द्या, आणि अंक निघाला की पहिली प्रत घरी नेऊन द्या. आमच्या काकांचे फोटो किती जणांनी काढले, एकही घरात नाही.

चुकलेला_ताल

दादा, हे वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही.

काल बैठक झाली. मी तुमचा मुद्दा माझ्या शब्दांत मांडला, आवाज थरथरत होता. ज्यांनी वीणा सुचवली होती ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "फोटो चांगला आणा." याला होकार समजलोय आम्ही.

आज सकाळी एका वाजवणाऱ्या बाबांकडं जाऊन आलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, अंकात लिहू. मी ठरवून गेले होते की वाजवताना फोटो घ्यायचा. ते म्हणाले, वाजवतानाचा सगळेच काढतात, शेकताना काढ. त्यांनी पाचट पेटवलं, हलगी जाळावर धरली, फिरवत राहिले, मधेच बोटानं टिचकी मारून कान लावायचे. चामडं तापून ताणलं की आवाज चढत जातो. चौथ्या-पाचव्या टिचकीला माझ्याही कानाला फरक कळला. आताशा प्लास्टिकचं पान बसवतात, शेकावं लागत नाही. त्यांच्या पोराकडं तशी आहे. "त्याची कवाबी तयार असती," म्हणाले. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

फोटोत धूर आहे, दोन हात आहेत, हलगीचा अर्धा गोल आहे, चेहरा धुरामागं थोडाच दिसतो. त्यांना फोनवर दाखवला, त्यांनी मोठा करून बघितला आणि हाच ठेव म्हणाले. काळा-पांढरा करून वर एकच शेंदरी रंग, असं डोक्यात आहे. पानं ३२ केली. मधल्या जोडपानावर तक्ता, आजीची एक ओवी दोन घरांत.

एकच विचारायचं राहिलं. बाबांच्या खांद्यावर टॉवेल आहे, जुना, भोक पडलेला. मैत्रीण म्हणते क्रॉप कर. बाबांना विचारायचं सुचलं नाही.

पंधरा_खेड्यांचा

फोन करून विचार की.

चुकलेला_ताल

केला. "त्याच्यानंच तर हलगी पुसतो," म्हणाले. ठेवतेय.

कर्व्ह_करून_पाठवा

ठेवा. पण मग फोटो दोन बोटं खाली घ्या, मात्रेला जागा पाहिजे. आणि धुरावर अक्षर टाकणार असाल तर मला आधी एक प्रूफ मारू द्या.