साफसफाईने दात हलतात, हा समज

आईला डायबेटिस आहे, हिरड्यांतून रक्त येतं, पण "साफ केले की दात हलायला लागतात" म्हणून ती डेंटिस्टकडे जात नाही, असं एकांनी लिहिलंय. आमच्या परळला हे घरोघरी ऐकायला मिळतं! दात हलतात ते आतलं हाड आधीच झिजल्यामुळे. दाताला चिकटलेलं कीटण निघालं की ते जाणवतं, इतकंच. कीटण तसंच ठेवलं तर हाड आणखी झिजणार.

शिवाय मामला दुतर्फा आहे. साखर चढलेली असली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सरासरी ०.४ टक्क्यांनी उतरतं. अर्थात शुगरच्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

सासऱ्यांना नेतो तेव्हा सकाळची वेळ घेतो, नाश्ता आणि गोळी झाल्यावर. उपाशीपोटी तर मुळीच नाही. सोबत ताजा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची यादी (रक्त पातळ करणारी असेल तर ती आधी सांगा) आणि खिशात ग्लुकोजची बिस्किटं. खाजगीत परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी आहे. रांगेची तयारी ठेवा.

मिश्री लावत असतील तर ती आधी बंद. आणि कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायला सांगा; साखरवाल्यांच्या तोंडात बुरशी पटकन धरते.