सोलापूर–टेंभुर्णी रोजचं अप-डाऊन: 12 हजार जास्त मिळतायत म्हणून करावं का?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. हातात 19 हजार येतात. टेंभुर्णी एमआयडीसीतल्या एका कंपनीने 31 हजार देऊ केलेत. काम तेच: टॅली, जीएसटी, पगारपत्रक. वेळ साडेनऊ ते सहा, रविवारी सुट्टी.

जुळे सोलापुरातून अंतर 90 किलोमीटरच्या आसपास. घर स्वतःचं, हप्ते चालू आहेत, त्यामुळे तिकडे खोली घेतली तर दोन घरांचा खर्च. मिस्टर गारमेंटमध्ये आहेत. शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन आला की त्यांना घरी यायला रात्र होते. मुलगी तिसरीत, सासूबाईंचे गुडघे दुखतात. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात जा, माझी आई म्हणते वेड लागलंय का.

"मनाचा कौल घ्या" वगैरे नको, हिशेब सांगा.

अर्धं_तिकीट

हिशेब घ्या. एसटीचा टप्पा 6 किलोमीटरचा, साध्या गाडीला टप्प्याला 10 रुपये 5 पैसे. 90 किलोमीटर म्हणजे 15 टप्पे, साधारण 151 रुपये. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास. महिन्याचे 26 दिवस धरले तर 3,900. घर ते स्टँड आणि तिकडे स्टँड ते कंपनी, दोन्हीकडच्या रिक्षाचे रोज 80 धरा, ते झाले 2,080. एकूण 6,000. वाढ 12,000. निम्मी हातात उरते. पुरुष असतात तर म्हटलं असतं नका जाऊ. तुम्ही जा.

सावळेश्वर_नाका

आणि "एसटी नको, गाडीनेच जाईन" असं कुणी डोक्यात घालत असेल तर तेही मोजून घ्या. बाईक 45 चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तरी रोज 4 लिटर. 105 च्या भावाने महिन्याचे 11 हजार पेट्रोलमध्येच. टायर, ऑइल, चेन वेगळं. आणि मे महिन्यात मोहोळच्या पुढे दुपारी बाईक चालवून बघा एकदा.

कारचं तर विचारूच नका. सावळेश्वर आणि वरवडे, दोन टोलनाके लागतात. तो वार्षिक फास्टॅग पास आला ना, 15 ऑगस्ट 2025 ला, 3,000 रुपयांत 200 फेऱ्या? लोक खूश झाले. पण प्रत्येक नाका ही एक फेरी. दोन नाके, जाता-येता चार. 200 फेऱ्या 50 दिवसांत खलास. म्हणजे टोलच रोजचा 60 रुपये, आणि डिझेल-पेट्रोल हजाराच्या घरात. चौघांनी मिळून एक कार केली तर वेगळी गोष्ट. पण चौघांची सुटायची वेळ एक असावी लागते, आणि अकाउंट्सवाल्याची महिनाअखेर कुणाशीच जुळत नाही.

जुळे_सोलापूर

कार नाहीच. स्कूटी आहे, ती स्टँडपर्यंत. कुणी रेल्वेबद्दल सांगेल का? कुर्डुवाडीपर्यंत जाऊन पुढे?

कुर्डुवाडी_जंक्शन

सोलापूर–कुर्डुवाडी रेल्वेने 80 किलोमीटरच्या आसपास. मासिक पास 150 किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यामुळे तुम्हाला मिळेल, आणि बसच्या तुलनेत तो किरकोळ आहे. सुपरफास्टला जायचं तर पासवर जादा अधिभार भरावा लागतो. आरक्षित डब्यात पास चालत नाही, वंदे भारतमध्येही नाही. ती कुर्डुवाडीला थांबते, एवढंच समाधान.

सकाळी हुतात्मा एक्सप्रेस साडेसहाच्या सुमारास सोलापुरातून निघते, तासाभरात कुर्डुवाडी. तिथून टेंभुर्णी अजून 20 किलोमीटर. जाताना जमेल. येताना तीच हुतात्मा पुण्यातून संध्याकाळी 6 ला सुटते, म्हणजे तुम्ही घरी दहाला. मधल्या गाड्या लांब पल्ल्याच्या. त्यांचा उशीर धरून मुलीचा अभ्यास घेता येत नाही.

बाकी आमचं गाव वसलंच मुळी रेल्वेच्या जिवावर. 1897 ला बार्शी लाइट रेल्वे इथून सुरू झाली तेव्हापासून लोक गाडीच्या वेळेवर जेवतात आणि झोपतात. पण ते राहतात स्टेशनच्या शेजारी. तुम्ही राहणार जुळे सोलापुरात. रेल्वे विसरा.

परतीची_गाडी

वरचा 6,000 उरण्याचा हिशेब बरोबर आहे. पण त्यात वेळ कुठे आहे?

साडेनऊला टेबलावर बसायचं तर घरून साडेसहाला निघावं लागेल. सहाला सुटून घरी साडेआठ, नशीब चांगलं असेल तर. आत्ता तुम्ही येण्याजाण्यात तासभर घालवत असाल, म्हणजे रोजचे साडेचार तास जास्तीचे. 26 दिवसांचे 117. सहा हजार भागिले 117, तासाला 51 रुपये. आत्ताचा तुमचा पगार तासाला 86 च्या आसपास बसतो. म्हणजे बढतीच्या नावाखाली तुम्ही साडेचार तास स्वस्तात विकताय.

आणि सकाळची गाडी कायम सोपी असते. सोलापुरातून सुटते, रिकामी असते, जागा मिळते. माणूस पहिले चार दिवस खिडकीत बसून जातो आणि म्हणतो, जमतंय की. खरी गंमत संध्याकाळी. पुण्याकडून येणाऱ्या गाड्या टेंभुर्णीला भरून येतात. दिवाळीत, लग्नसराईत, शनिवारी संध्याकाळी तर दारात पाय ठेवायला जागा नसते. आषाढी-कार्तिकीला गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात. मग तुम्ही स्टँडवर उभ्या, आणि घरी फोनवर "निघालीस का?" चालू. हिशेब जायच्या गाडीवर मांडू नका, यायच्या गाडीवर मांडा.

गाळप हंगाम राहिलाच. दिवाळीच्या आगेमागे कारखाने पेटले की रस्त्यावर ऊस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर पाचटाचा डोंगर, पुढे कर्कश गाणी. बस त्याच्या जवळ गेल्यावर ड्रायव्हरला दिसतो, मग करकचून ब्रेक आणि पुढच्या दांडीवर सगळ्यांचं कपाळ. चार-पाच महिने रोज अंधारात हेच.

पूर्व_भाग

वरच्या दादांचा "तासाला 51 रुपये" हा हिशेब ऐकून राहवलं नाही.

आमच्या आईने आयुष्यभर घरी बसून विड्या वळल्या. अंतर शून्य, भाडं शून्य, गाडी चुकायची भीती शून्य. उंबऱ्याच्या आत सूप मांडीवर घेऊन, तेंदूची पानं कात्रीने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून. प्रवासाचे जे साडेचार तास वाचतात म्हणताय ना, ते आईने झोपेत नाही घातले, अजून विड्यांत घातले. शेजारच्या घरात माग होता, त्यांचंही तसंच. सोलापूरच्या बायकांचं काम कायम दारात होतं आणि दारात होतं म्हणूनच त्याचं मोल कुणी केलं नाही. "घरीच तर असते."

ताई, 19 वरून 31 ही उडी इथल्या इथे कुणी देणार आहे का? टॉवेल कारखान्यात दरवर्षी दिवाळीला हजार-पाचशे वाढतात, तेही मागून. पुढची नोकरी मागच्या पगाराच्या चिठ्ठीवर ठरते. दोन वर्षं टेंभुर्णी केलीत तर तिसऱ्या वर्षी चिंचोळी एमआयडीसीत किंवा शहरात 30 मागायला तोंड राहील. पीएफही वाढीव बेसिकवर कापला जाईल. हा पैसा वरच्या भागाकारात कुठे दिसला नाही.

परतीची_गाडी

आईंबद्दल आदर आहे. पण "दोन वर्षं करू" म्हणणारे पाच-पाच वर्षं त्याच गाडीत दिसतात. हप्ता वाढवून घेतात, मग सुटता येत नाही. आणि कमी पगाराला उत्तर जास्त पगार हे आहे, पाच तासांचा रस्ता नव्हे.

पूर्व_भाग

जास्त पगार टेंभुर्णीलाच मिळतोय, त्याला ताई काय करणार?

वस्तीशाळा

मी माढा तालुक्यातल्या वस्तीशाळेवर शिक्षक, सोलापुरातून रोज अप-डाऊन. आमच्याकडे अर्धा स्टाफ असाच येतो. सवय होते. गाडीत पेपर तपासून होतात, डुलकी होते, चार माणसांत मन रमतं. एवढा बाऊ करायची गरज नाही.

माढ्याचा_पालक

सर, तुमची सवय होते, आमच्या पोरांचं काय? मुख्यालयी राहायचा नियम आहे, घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागतात तो याचसाठी. आमच्या शाळेत चार वाजले की सरांचं लक्ष घड्याळावर. पाऊस झाला, गाडी चुकली, की पहिला तास गेलाच. "पेपर गाडीत तपासले" हे तुम्ही कौतुकाने सांगताय!

ताईंची गोष्ट वेगळी, खाजगी नोकरी आहे. पण अप-डाऊनची किंमत फक्त करणाराच भरतो हे डोक्यातून काढा. ऑफिसमध्ये "मॅडमची गाडी आहे" म्हणून कुणीतरी दुसरा थांबतो.

वस्तीशाळा

गावात राहायला धड खोली द्या, मुलांना पुढची शाळा द्या, मग बोला. माझी बायको शहरात नोकरी करते, तिने सोडायची का?

माढ्याचा_पालक

तिने सोडावी असं कोण म्हणतंय? तुम्ही बदली मागा की सोलापूरजवळ.

(हा वाद पुढे बराच चालला. बदली, संवर्ग, सुगम-दुर्गम. धाग्याचा विषय तो नाही, म्हणून पुढचं वेगळ्या धाग्यावर हलवलंय. – संपादक)

कडक_भाकरी

ताई, लई हिशेब झाला. पाणी कोण भरतंय ते सांगा की आधी.

हसू नका ओ. आपल्या गावात रोज पाणी कुठं येतंय? चार-पाच दिवसांनी येतंय, तेबी वेळेचा भरवसा नाही. कधी पहाटे, कधी रात्री, कधी सकाळी ऐन डब्याच्या टायमाला. मोटार लावा, टाकी भरा, पिंप भरा, प्यायचं गाळून ठेवा. एक पाणी हुकलं की पुढचे आठ दिवस टँकर आणि शेजाऱ्याचं तोंड. घरातलं हिंडतंफिरतं माणूस साडेसहाला गेलं आणि साडेआठला आलं, तर सासूबाई गुडघे धरून मोटारीला पाणी सोडत बसणार काय?

अर्धं_तिकीट

मिस्टर आहेत की घरात. त्यांना मोटारीचं बटण सापडत नाही का?

कडक_भाकरी

सापडतंय. सीझनला त्यांनाच यायला रात्र होते असं ताईंनीच वर लिवलंय. मी काय बायांनीच भरावं असं म्हणत नाही. कुणीतरी भरावं लागतंय, एवढंच म्हणतोय.

पगारपत्रक

एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. ताई, तुम्हाला आत्ता ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू आहे ना? पगाराची मर्यादा 21,000 ची आहे. 31 हजारांवर गेलात की ते कवच जातं. कामगाराकडून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जातात, त्यात तुमच्यासकट मुलीचाही इलाज होतो, आजारी पडलात तर अटींमध्ये बसल्यास 70 टक्के पगारही मिळतो. घर ते काम या वाटेवरचा अपघातसुद्धा ठरावीक अटींवर कामावरचा धरतात. म्हणजे ज्या दिवशी तुमचा प्रवास 90 किलोमीटरचा होणार, त्याच दिवशी ते संरक्षण सुटणार. नवी कंपनी मेडिक्लेम देते का? अपघात विमा किती? ऑफर लेटरमध्ये हे नसेल तर उरलेल्या 6,000 मधून आधी पॉलिसीचा हप्ता वजा करा, मग चर्चा.

जुळे_सोलापूर

धन्यवाद. ईएसआयचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि मी रोज दुसऱ्यांची चलनं भरते!

पाण्याबद्दल: दादा, तुम्ही हसवलंत पण आमच्या घरात तोच मोठा मुद्दा आहे. मिस्टर म्हणतात नवीन टाकी बसवू, ऑटोमॅटिक लावू. खर्च विचारल्यावर गप्प.

कंपनीत काल फोन केला. त्यांची स्टाफची गाडी मोडनिंबपर्यंत येते, मोहोळपर्यंत येत नाही. मेडिक्लेम आहे, फक्त माझा, घरच्यांचा नाही. महिनाअखेरचे दोन दिवस घरून काम चालेल का विचारलं, तर "बघू" म्हणाले. वेळ नऊ ते साडेपाच करायला तयार आहेत. तेवढ्याने संध्याकाळची एक गाडी तरी आधीची मिळेल.

माझं मन सध्या जाण्याकडे आहे. 31 ऐवजी 34 मागणार आहे, तीन हजारांत घरच्यांचा विमा बसेल. 34 दिले तर गाळप सुरू व्हायच्या आत रुजू होईन. नाही दिले तर इथल्या मालकांना ती ऑफर दाखवून बघेन.

परतीची_गाडी

"बघू" हे उत्तर लेखी घ्या. निदान मेलवर.

पूर्व_भाग

आणि इथल्या मालकांना आधी दाखवू नका. पहिल्यांदा टेंभुर्णीचं पक्कं करा. मालकांनी 22 देऊन थांबवलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत 22 वरच राहाल.

कडक_भाकरी

22 देऊन घराशेजारी थांबवलं तर माझ्या हिशेबाने तेच बरं. पण टाकी कशीबी बसवाच.